गुठळ्या राहू द्याव्यात

"तोच पाव आणि तोच चहा. पाव चहात बुडवला की गळून पडतो, एवढाच काय तो करमणुकीचा भाग."

हे सासूबाई फोनवर म्हणत होत्या आणि मी त्यांच्यापासून दीड हातावर, पडद्याच्या अलीकडे, उशांना अभ्रे घालत होते. चोरून ऐकायचा माझा स्वभाव नाही. आमचं घरच असं बेताचं आहे की चोरून ऐकायचं नसेल तर जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं.

"छे गं, तक्रार कसली!" त्या पुढे म्हणाल्या. 'तक्रार कसली'ने सुरू झालेली सासूबाईंची वाक्यं वाळत घालायची म्हटली तर दोरी पुरायची नाही. "सून गुणाची आहे. पण नाश्ता म्हणजे तिला बस पकडायच्या आधीची कटकट वाटते. चार वर्षं झाली मला इथे येऊन, सकाळचा गरम घास माहीत नाही. वजन? उतरणारच की. अंगठी राहत नाही बोटात."

ही अंगठी गेल्याच महिन्यात आम्ही दोघींनी साबण लावून, दोन्हीकडून ओढून काढली होती.

फोनच्या पलीकडे माझी थोरली नणंद होती. वन्संच्या आवाजाला फोन नुसता नावाला लागतो. पडद्यातूनही मला स्वच्छ ऐकू आलं, "रविवारी नऊला येते मी. माझ्या डोळ्यांनी बघते. तुझी खरंच अशी आबाळ होत असेल, तर तुला घेऊनच जाते."

मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं झाली. माणसं तोंडावर वाट्टेल ते बोलतात आणि ते ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो. घरातलं मात्र फुकट ऐकायचं असतं, म्हणून ते जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट दवाखान्यात बोलले, तर ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स म्हणाली, "अगं, लॉटरी लागली तुला! पाव अजून शिळा घाल." मी हसले. पण खरं सांगायचं तर मला हसू आलं नव्हतं. संध्याकाळी मी जिना चढून आले की मी बेल वाजवायच्या आत सासूबाई आतून ओरडतात, "उशीर केलास." वेळेवर आले तरी ओरडतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माझ्या येण्याच्या वेळेकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष असल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे त्या जाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं. आणि जायच्याच असतील, तर माझ्याकडून उपासमार होऊन सुटका झाल्यासारख्या जाऊ नयेत, एवढं तरी वाटत होतंच.

आता वन्संबद्धही सांगायला हवं, पण तिथे एका गोष्टीला वळसा घालावा लागतो. आमच्या घरात सगळेच घालतात. वन्संचे यजमान लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहेत आणि ते 'दौऱ्यावर' आहेत. अकरा महिने झाले. एवढ्या वेळात जमिनीपासून ढगापर्यंत लिफ्ट बसून तिची पहिली दुरुस्तीही झाली असती. जाताना ते दौऱ्यावर कपाट घेऊन गेले. रेडिओ नेला. खिडकीतलं कुंडीतलं झाडसुद्धा नेलं. तरी आमचे हे दर रविवारी फोनवर ताईला विचारतात, "मग, दौरा कसा चाललाय?" आणि वन्सं म्हणतात, "काम वाढलंय रे." की विषय हवामानावर.

असो. तर रविवारी नऊ वाजता ताटात काय असणार, हा प्रश्न होता.

उत्तर मला मैद्याच्या पिशवीच्या पाठीवर मिळालं. 'घरच्या घरी ताकातले फुगीर पॅनकेक.' शेजारी चित्र होतं. एकावर एक पाच पॅनकेक, गुबगुबीत, वर लोण्याचा चौकोन आणि कडेने ओघळणारा मध. हे ताट बघून 'आबाळ' हा शब्द कुणाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. कृती सहा ओळींची होती. सहा ओळींत माणसाचं काय वाकडं होणार?

पहिल्या ओळीत 'दीड कप मैदा' असं होतं आणि तिथेच आमचे हे आले.

आमचे हे वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानदारांचे तराजू तपासतात. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"कप म्हणजे कोणता कप?"

"अहो, कप म्हणजे कप."

"कायद्यात 'कप' नावाचं माप नाही."

मग त्यांनी घरातले सगळे कप ओट्यावर मांडले. अकरा निघाले. प्रत्येकात पाणी भरून ते ऑफिसच्या मापपात्रात मोजलं आणि प्रत्येकाच्या बुडाशी चिठ्ठी चिकटवली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या कपात जवळजवळ दुपटीचा फरक होता. "चोवीस वर्षं," ते हादरलेल्या आवाजात म्हणाले, "या घरात मला रोज वेगवेगळा चहा मिळतोय." शेवटी अकरा कपांची सरासरी काढण्यात आली. असा सरासरीचा कप घरात एकही नव्हता, म्हणून मैदा वजनकाट्यावर आला. गुरुवारची संध्याकाळ त्यात गेली. त्या दिवशीचे पॅनकेक वजनाला बिनचूक होते. चवीला समुद्र होते, कारण दुकानातून आणलेल्या ताकाच्या खोक्यावर खालच्या अंगाला, मुंगीने लिहावं तशा अक्षरात 'मीठ घातलेले' असं छापलेलं होतं.

"नवीन आहे काहीतरी," असं म्हणून सासूबाई दोन पेले पाणी प्यायल्या आणि त्यांनी पाव मागितला.

शुक्रवारी मी ताक घरीच करायचं ठरवलं. समोरच्या दारात एक निवृत्त विज्ञानशिक्षिका राहतात. इमारतीत सगळे त्यांना प्रयोगबाई म्हणतात. दारात उभं राहून त्यांनी मला पाऊण तास सोडा आणि आंबटपणा यांचे संबंध समजावून सांगितले. ते ऐकताना मला दुसऱ्याच्या घरातलं खासगी भांडण ऐकल्यासारखं वाटलं. सार एवढंच की ताक आंबट आणि दाट हवं, सोडा ताजा हवा, दोघांची गाठ पडली की बुडबुडे येतात आणि ते बुडबुडे जपायचे.

ताक छान दाट झालं. पीठ कालवलं. आता कृतीतली चौथी ओळ आली, 'फार ढवळू नये. गुठळ्या राहू द्याव्यात.'

मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या आईने मला जे काही थोडं शिकवलं त्यात गुठळीला माफी नव्हती. पिठात गुठळी राहिली म्हणजे पोरीच्या डोक्यात काय आहे ते कळतं, असं ती म्हणायची. आणि इथे छापील आज्ञा होती की राहू द्या! मी डोळे मिटले, चमचा खाली ठेवला, पातेल्यावर झाकण टाकलं आणि जडावलेल्या मनाने दहा मिनिटं कपड्यांच्या घड्या करायला गेले. पीठ मुरू द्यावं, ही पाचवी ओळ होती.

त्या दहा मिनिटांत काय घडलं ते नंतर जबान्यांवरून उघड झालं. आधी हे पाणी प्यायला आत गेले. झाकण उचललं, गुठळ्या दिसल्या. बायको दमली असेल, आपण जरा मदत करू, अशा उदात्त हेतूने त्यांनी शंभर वेढे ढवळलं. मोजून शंभर, खात्याची सवय. मग सासूबाई गेल्या. त्यांना गुठळ्या दिसल्या नाहीत, पण 'हिच्या हातून एखादी राहिली असणारच' म्हणून त्यांनी घोटलं. शेवटी प्रयोगबाई ताज्या सोड्याची डबी द्यायला आल्या आणि बुडबुडे येतायत का ते बघायला त्यांनी पळीने तळापासून ढवळून बघितलं. बुडबुडे नव्हते, म्हणून पुन्हा ढवळलं. तिघांपैकी कुणीही मला सांगितलं नाही. चांगुलपणा माणसं नेहमी गुपचूप करतात, आणि म्हणूनच त्याचा बंदोबस्त करता येत नाही.

ते पॅनकेक रबराचे झाले. ह्यांनी एक वाकवून बघितला, सोडला, तो सरळ झाला. "यातून बुटाचा तळ निघेल," ते कौतुकाने म्हणाले. सासूबाईंनी दात काढून बशीत ठेवले आणि म्हणाल्या, "राहू दे गं. पाव आहे ना?"

शनिवारी सुट्टी होती. सकाळी मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, स्वयंपाकघराला आतून कडी घातली आणि एकटीने पीठ केलं. गुठळ्यांसकट. आता फक्त भाजायचे होते. कृतीत 'मंद आच' असं होतं, पण दाराबाहेरून प्रयोगबाई म्हणाल्या, "तवा सणसणीत तापू द्या हो! उष्णतेशिवाय प्रसरण नाही!" विज्ञानापुढे पिशवीचं कोण ऐकतो? मी गॅस मोठा केला, लोण्याचा गोळा टाकला आणि तेवढ्यात ह्यांनी दार वाजवून विचारलं की प्रत्येक पॅनकेकचा व्यास किती धरला आहे. मी त्यांना व्यास समजावून सांगितला. आवाज चढवून सांगितला. वळून बघते तर लोणी काळं पडून धुराचा खांब छताला टेकलेला.

जिन्यातली धुराची घंटा वाजली. ही घंटा बसवून सहा वर्षं झाली होती आणि ती कधी वाजली नसल्याने ती चालते की नाही यावर इमारतीच्या तीन वार्षिक सभा झाल्या होत्या. चालते, हे माझ्यामुळे सिद्ध झालं. त्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत. इमारतीतली सगळी माणसं होती त्या अवतारात खाली अंगणात जमली. एक गृहस्थ अर्ध्या गालावर साबण लावून उभे होते, आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ती घंटा थेट अग्निशमन केंद्राला जोडलेली आहे, हे तेव्हा आम्हाला कळलं. बंब आला. चार शिरस्त्राणधारी माणसं कुऱ्हाडी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि एका काळ्या तव्यासमोर उभी राहिली.

त्यांच्यातल्या साहेबांनी फॉर्म काढला. "आगीचं कारण?"

"पॅनकेक."

त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "विजेचा दोष आहे, सिगारेट आहे, रसायनंसुद्धा आहेत. पॅनकेक नाही."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर' लिहिलं की सविस्तर निवेदन लागतं. तीन प्रतींत. सही, आणि इमारतीच्या सेक्रेटरींचा शिक्का."

"शिक्का बँकेच्या लॉकरमध्ये आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते गळ्यात टॉवेल घालून आले होते, पण आवाज कोट-टाय घातलेल्या माणसाचा होता. "सोमवारी मिळेल."

"तोवर गॅस बंद ठेवावा लागेल बाई. तपासणी झाल्याशिवाय उघडता येत नाही."

"किती वेळ लागतो तपासणीला?"

"रांगेत नंबर लागेल तसा," साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाले. तो सूर मी ओळखला. तो माझाच होता. खिडकीच्या अलीकडे बसून बावीस वर्षं मी तो वापरला होता. पलीकडून तो कसा ऐकू येतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि सोमवारी मी पहिल्या चार पेशंटांना 'बसा ना' म्हटलं. पाचव्यापासून पुन्हा पूर्ववत.

त्यांनी गॅसच्या नळीवर लाल पट्टी चिकटवली, अहवालाची प्रत माझ्या हातात दिली आणि बंब निघून गेला. जाताना एक जण चाखून बघतो म्हणून कच्च्या पिठात बोट घालून गेला. "गुठळ्या आहेत," तो म्हणाला.

मी खुर्चीत बसले. उद्या नऊ वाजता वन्सं येणार होत्या. घरात गॅस नव्हता, तव्याला तोंड नव्हतं, आणि इमारतीत मला. सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "एवढं कशाला गं करतेस? पाव दिलास तरी चालेल उद्या. उलट पावच दे."

मला वाटलं, टोमणा आहे. त्यांच्या तोंडून निघालेलं वाक्य टोमणाच धरून चालायचं, ही मी चार वर्षांत कमावलेली विद्या.

रविवारी सकाळी प्रयोगबाई विजेची शेगडी घेऊन आल्या. शाळेतून निवृत्त होताना त्यांच्याबरोबर तीही निवृत्त झाली होती. "एकच दोष आहे," त्या म्हणाल्या, "तापत नाही. हिच्यावर पाणी उकळेपर्यंत माझा तास संपायचा." कालच्या सणसणीत तव्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. पीठ कालवून मी पातेलं न्हाणीघरात ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. हे आंघोळीवाचून राहिले. इलाज नव्हता.

बरोबर नऊला वन्सं आल्या. मागच्या वेळेपेक्षा वाळल्या होत्या. हातात एक मोठी बॅग होती, पण रिकामी. खुर्चीवर ठेवताच ती मधोमध बसली. ती कुणाच्या कपड्यांसाठी आणलेली होती ते सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी मान वळवली.

"मग ताई, दौरा?" हे म्हणाले.

"काम वाढलंय रे."

"ऊन पण वाढलंय," सासूबाई लगेच म्हणाल्या.

मी तव्यावर पहिली पळी घातली. शेगडी रुसल्यासारखी कोमट. मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. मिनिट गेलं, दोन गेली. पिठावर एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग त्यांची जत्रा भरली. उलटला, तर खालून सोनेरी. आणि तो फुगायला लागला. मी पिशवी शेजारी धरून बघितलं. चित्रातल्यापेक्षा माझा एका बोटाने जास्त होता.

मी पंधरा पॅनकेक केले. पंधराही फुगले. ह्यांनी मोजपट्टी आणली आणि काहीही न बोलता परत ठेवली. वजनमापे खात्याकडून याहून मोठा सन्मान होत नाही.

वन्संनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सासूबाईंनी एक संपवला, दुसरा संपवला, तिसऱ्यावर मध ओतला आणि हनुवटी पुसत म्हणाल्या, "कच्चे आहेत."

खोटं बोलताना माणसाने निदान चावणं तरी थांबवावं.

"आई, अगं किती छान झालेत!" वन्सं म्हणाल्या.

"तुला एका दिवसात काय कळणार? मी रोजचे दिवस काढते इथे. हाल आहेत माझे."

"रोज असं असतं?" वन्संनी भावाला विचारलं.

"रोज!" हे छाती काढून म्हणाले. चोवीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाची बाजू घ्यायला त्यांनी हाच मुहूर्त धरला. "याहून चांगलं असतं. आज शेगडी जुनी होती."

वन्संनी काटा खाली ठेवला. चेहऱ्यावर हसू आणलं, पण ते नीट बसलं नाही. "बरं झालं मग. मी उगाच काळजी करत होते. आई मजेत आहे तुमच्याकडे." त्या उठल्या आणि रिकाम्या बॅगेची घडी घालायला लागल्या. ती घडी बसेना. त्या पुन्हा उलगडून पुन्हा घालत होत्या.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे नाना तऱ्हांनी बघितलंय, पण असं नाही. गयावया केल्यासारखं. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो गळून पडणारा पाव, ती बोटात न राहणारी अंगठी, ते हाल, सगळं पोरीसाठी होतं. 'आईला हालातून सोडवून नेते', एवढं निमित्त तिला मिळावं म्हणून. म्हणजे तिला काही मागावं लागणार नाही. आणि मी, गाढवीण, तीन दिवस झटून, बंब बोलावून, त्या निमित्ताचा फुगवून फुगवून सत्यानाश केला होता.

"वन्सं, थांबा," मी म्हणाले. "ह्यांचं ऐकू नका. आजच बरे झालेत. एरवी हाल असतात आईंचे."

"काय बोलतेस?" हे म्हणाले.

"परवा रबर झालं होतं. आईंनी दात काढून ठेवले. गुरुवारी मीठ. आणि काल तर घर पेटवलं मी, हा बघा सरकारी अहवाल." मी कपाटातून कागद काढून वन्संपुढे धरला. "गॅस सील आहे. चहासुद्धा होत नाही आमच्याकडे. म्हाताऱ्या माणसाला ठेवण्यासारखं घर आहे का हे? घेऊन जा तुम्ही त्यांना."

"अगं, सुगरण आहेस तू!" हे ओरडले. चोवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आलं, आणि मला म्हणावं लागलं, "गप्प बसा."

"बघ, तीच कबूल करतेय," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. उजवा हात. डाव्यात चौथा पॅनकेक होता.

वन्संनी अहवाल वाचला. 'कारण' या रकान्यावर त्यांची नजर थांबली. मग आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, हसतील. त्या खुर्चीत बसल्या, बॅगेवरच.

"ताई," हे चाचरत म्हणाले, "तसं दौरा संपला की भावोजीच येतील ना, मग आईला..."

"दौरा नाहीये रे," वन्सं म्हणाल्या. आवाज एवढा लहान की पडद्यापलीकडे गेला नसता. "ते दुसरीकडे राहतात. परत येणार नाहीत. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

कुणी हवामानाचं काही बोललं नाही.

"आई, तुझे हाल होत नाहीत इथे. ते मला फोनवरच कळलं होतं. संध्याकाळी कामावरून आले की कुलूप उघडून आत जायचा धीर होत नाही मला. जिन्यात बसून राहते. तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी चल."